जनार्दनाच्या पाण्याला फेस येईना

व्हिटबी, १२ जानेवारी

निमिष,

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला घसरतं, म्हणून काही दिवस लिहूनच कळवू, असं येलोनाइफला जाताना तूच म्हणालास. तर हे पत्र. लिहिण्यात एक बरं असतं, समोरच्याला मध्येच तोंड घालता येत नाही.

विषय एकच आहे, तुझा मासा. बाकी कशाचाही अर्थ या पत्रातून काढत बसू नकोस.

जनार्दनाचं पाणी बिघडलंय. तू गेलास तेव्हा टँकला काच आहे की नाही हे कळायचं नाही, आता काचेपलीकडे ताक ठेवल्यासारखं दिसतं. वर तवंग आलाय. आणि स्किमर फेस करेनासा झालाय. पंप फिरतो, बुडबुडे होतात, नळीतून वर चढतात आणि कपाच्या तोंडाशी येऊन फुटतात. कप कोरडा ठणठणीत. पूर्वी तू तो काळपट, घाण वासाचा कप किचनच्या सिंकमध्ये धुवायचास आणि मी नाक धरून ओरडायचे. आता त्या घाणीची मी वाट बघते. काय दिवस आलेत!

आईंना स्किमर समजावून सांगितला. म्हटलं, डाळ शिजताना वर फेस येतो, तो आपण पळीने काढून टाकतो ना, तसं हे यंत्र खाऱ्या पाण्यातली माशाची घाण फेसात पकडून बाहेर काढतं. त्या म्हणाल्या, "मग पळीनंच काढ की. यंत्र कशाला हवं?" तुझी आई शोभते अगदी.

खरं तर काटेरी, फुगरा पफर मासा पाळायचा आणि वर त्याला लग्नात रुसून फुगणाऱ्या स्वतःच्या काकांचं नाव द्यायचं, हे डोकं तुझंच. मी दिवसभर क्लिनिकमध्ये लोकांच्या दातांवरचं किटण खरवडते आणि घरी येऊन याची काच खरवडते. एक कबूल करते, त्याचे दात माझ्या निम्म्या पेशंटांपेक्षा चांगले आहेत.

आईंना सांगलीहून बोलावून घेतलंस, आणि त्यांना इथली थंडी कळायच्या आत स्वतः उत्तरेला नोकरी धरलीस. मला न विचारता. पण हे पत्र माशाबद्दल आहे. स्किमरचं काय करायचं ते कळव.

चित्रा

व्हिटबी, २१ जानेवारी

निमिष,

तुझा ईमेल मिळाला. आई कशी आहे, तू कशी आहेस, याला मिळून एक ओळ आणि स्किमरला दोन पानं. प्रमाण बघून हसू आलं.

पंप गेला, असं तू तिथे बसून निदान केलंस. अरे, आम्ही क्लिनिकमध्येसुद्धा आधी पेशंटला आ करायला लावतो. असो, नवा स्किमर घ्यायचा तर घेऊ. पण तू सुचवलेला मी घेतलेला नाही, आणि का ते ऐकून घे.

मी टेप घेऊन टँकखालच्या कपाटात डोकं घातलं. तिथल्या त्या छोट्या टाकीत, तुझ्या संपमध्ये, तुझा तो उंच स्किमर बसतो. पण बसल्यावर त्याचा कप वर उचलायला जागाच उरत नाही. म्हणजे कप धुवायचा असला की दर वेळी आख्खं यंत्र उपसायचं, आणि उपसणार कोण, तर मी. जाहिरातीत तो उघड्यावर ठेवलेला असतो, म्हणून तुला कळलं नाही.

दुसरं म्हणजे ते ॲप. येलोनाइफमध्ये बसून फोनवर बोट फिरवायचं आणि व्हिटबीतला फेस वर-खाली करायचा, अशी तुझी कल्पना. ती मला मान्य नाही. या घरातलं जे काही वर-खाली करायचं, ते आता घरात जो असेल तो करेल.

शनिवारी आईंना घेऊन वॉनला गेले, तुझ्या लाडक्या हरपालच्या माशांच्या दुकानात. टाइल्सच्या गोडाऊनला वळसा घालून आत शिरलो तेव्हा आईंना वाटलं मी त्यांना फरशी बघायला आणलंय. हरपाल नेहमीसारखाच. "भाभीजी, सबसे बड़ा ले लो, बाद में रोना नहीं पड़ेगा."

मी म्हटलं, "डिब्बे पे जो साइज़ लिखा है, वो सच है क्या?"

"डिब्बे का आधा मानो," तो म्हणाला. "और आपका पफर तो खाता कम है, फैलाता ज़्यादा है."

तोवर आई एकेका टँकसमोर उभ्या राहून आतल्यांची चौकशी करत होत्या. मग हरपालला त्यांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, "इनको टायम पे जेवण देते हो ना?" तो म्हणाला, "माताजी, दिन में एक बार." परतताना हायवेवर आई मध्येच म्हणाल्या, "एकदाच? आणि त्याला हा माणूस धंदा म्हणतो?"

मी घेतलेला स्किमर बुटका आणि रुंद अंगाचा आहे. आपल्या टँकच्या दुप्पट टँकसाठी बनवलेला, म्हणजे हरपालच्या हिशेबाने आपल्याला बेताचाच. कप एका हाताने फिरवला की निघतो. फेस कमी-जास्त करायला वर एक चकती आहे, ती बोटाने फिरवायची. आणि आवाज जवळपास नाही, कारण आई दुपारी त्याच खोलीत आडव्या होतात आणि जनार्दनाशी बोलतात. तुझ्या दोन पानांत या गोष्टीचा उल्लेख नव्हता.

बसवला मीच. बोट चेपलं, बरं आहे आता.

चित्रा

व्हिटबी, २ फेब्रुवारी

निमिष,

नवा स्किमरही फेस करत नाही. हसलास ना?

हरपाल म्हणतो नव्या प्लास्टिकला कारखान्यातला तेलकटपणा असतो, तो निघेपर्यंत फेस धरत नाही, थांबा. थांबले. व्हिनेगरने धुतला, परत थांबले. आई म्हणाल्या, "नवी सून रुळायला वेळ लागतो, तसंच ते," आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला नीट लावता आला नाही. तू गेलास त्याचं खापर त्या माझ्यावर फोडतात का, हे मी अजून विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही.

सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा, मग क्लिनिक, मग टँकचं पाणी बदलायला मिठाच्या पाण्याच्या बादल्या. आई विचारतात ताट वाढू का, मी सांगते खाऊन आले. मग सिंकपाशी उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकते. बसून जेवायला वेळ कुणाला आहे?

एक गंमत झाली. टँकमधल्या मागच्या खडकाआड पांढरे, फुगलेले, साबुदाण्यासारखे दाणे सापडले, बुरशी धरलेले. मला वाटलं अंडी! मी लगबगीने हरपालला फोन लावला. तो इतका हसला की दुकानातलं गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारायला लागलं. "भाभीजी, अकेली मछली, ऊपर से नाम जनार्दन. अंडे कहाँ से देगा?" दाणे मी नळीने ओढून टाकले. दोन दिवसांनी पुन्हा दिसले.

हसण्यावारी नेण्यासारखं एवढंच. जनार्दन आता काचेशी येत नाही. दार उघडलं की कुत्र्यासारखा धावत यायचा, आठवतं? मोठे डोळे करून, जन्मात कुणी खायला घातलं नाही असा चेहरा करून. आता खाली कोपऱ्यात पडून भराभर कल्ले हलवत असतो. कोळंबी समोर धरली तरी तोंड फिरवतो. पाणी तपासलं, अमोनिया चढलाय.

तू लिहिलंयस की महिनाअखेर पाणी निवळलं नाही तर त्याला हरपालकडे देऊन टाक. बरोबर आहे तुझं. माशाचा जीव महत्त्वाचा. पण आई मेथी निवडत होत्या आणि त्यांनी विचारलं, निमू काय म्हणतो, आणि मला खोटं सुचलं नाही. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "जनार्दन गेला की दिवसभर मी तरी कुणाशी बोलू? मग माझंही तिकीट बघ."

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. जनार्दन मला तुझ्यासाठी वाचवायचा नाहीये. तो गेला तर आई जातील, आणि मग या घरात फर्नेसचा आवाज आणि मी. मला ते नको आहे, निमिष. मला त्याची भीती वाटते. झालं, लिहिलं.

चित्रा

व्हिटबी, १३ फेब्रुवारी

निमिष,

सापडलं! हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत काही बोलू नकोस, आणि वाचल्यावर तर आईंशी मुळीच बोलू नकोस. मी कसं सांगायचं ते ठरवतेय.

काल संध्याकाळी आईंनी कुकरला डाळ लावली. झाकण लावायच्या आधी त्यात चमचाभर तेल सोडलं. मी उगीच विचारलं, "तेल कशाला हो?" त्या म्हणाल्या, "एवढंही ठाऊक नाही? तेल घातलं की फेस येत नाही. शिट्टीतून उतू जात नाही."

मी तिथेच उभी राहिले. तेल घातलं की फेस येत नाही. गेले दीड महिने मी दोन-दोन स्किमरना शिव्या घालतेय, आणि ज्या डाळीचं उदाहरण मी आईंना दिलं, तिच्यातच उत्तर शिजत होतं. पाण्यावरचा तो तवंग! मी किचन टॉवेलचा कागद अलगद पाण्यावर टेकवला आणि उचलला. तेलकट. वास घेतला. निमिष, तुपाचा वास होता.

आज लंच ब्रेकमध्ये गाडी काढून घरी आले, मागच्या दाराने. आईंनी नुकतं पान वाढून घेतलं होतं. तुला आठवत असेल, सांगलीला तुमच्या दारात गाय यायची आणि घरात कुणी जेवायच्या आधी पहिला घास तिचा असायचा. वरण-भात, वर तूप. तर आईंनी पानातून तो घास काढला, टँकचं झाकण उघडलं, "घे बाबा," म्हणाल्या, आत सोडला, हात जोडले आणि मग जेवायला बसल्या. मी घरी नसते तेव्हा रोज हेच चालत असणार, रविवारी मी ग्रोसरीला जाते तेव्हासुद्धा. व्हिटबीत गाय आणायची कुठून? आणि हा समोर दिवसभर भुकेला चेहरा करून उभा, त्यात नाव विष्णूचं.

माझी अंडी म्हणजे भाताची शितं होती. हरपालला हे कळलं तर मला वॉनला तोंड दाखवायला जागा नाही.

आणि ऐक, आईंनी हे तू गेल्यावरच सुरू केलं असणार, कारण जुना स्किमर बंद पडला तोही त्याच सुमाराला. तो पंप बिचारा निर्दोष होता. तुझं निदान चुकलं, हे मी इथे ठळक अक्षरात लिहून ठेवते. जुना धुऊन खोक्यात घातलाय. येलोनाइफला टँक ठेवायचा असेल तर पाठवते.

मी आल्या पावली परत गेले, आईंना दिसले नाही. दुपारभर पेशंटच्या तोंडात बघत विचार करत होते की सांगायचं कसं. जो घास त्या इतक्या मनापासून देत होत्या, त्यानेच तो गुदमरत होता, हे एखाद्या बाईला कोणत्या शब्दांत सांगतात? न सांगता तुपाचा डबा लपवावा, झाकणाला कुलूप लावावं, असंही मनात आलं. पण त्या लहान मूल नाहीत. आणि सांगितलं की त्या बॅग भरायला घेतील, हीच भीती पुन्हा.

चित्रा

व्हिटबी, २२ फेब्रुवारी

निमिष,

आधी बातमी. जनार्दन आज काचेशी आला. कोळंबी खाल्ली, अर्धी सगळीकडे पसरली, मग माझ्या तोंडावर पाण्याची चूळ टाकली. मला इतकं बरं वाटलं की मी ओल्या तोंडाने तशीच हसत बसले. छातीवरचा धोंडा उतरला रे.

आता क्रमाने. मागचं पत्र लिहिलं त्याच संध्याकाळी आईंना सांगितलं. डाळीवरूनच सुरुवात केली. "आई, तुम्ही कुकरमध्ये तेल घालता ना, फेस येऊ नये म्हणून..." एवढंच म्हटलं. पुढचं त्यांचं त्यांनाच कळलं. हुशार आहेत. टँककडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "म्हणजे मीच मारत होते की त्याला," म्हणाल्या. रडल्या नाहीत. त्या रात्री जेवल्या नाहीत. मी पुष्कळ सांगितलं की तुम्हाला कुठून ठाऊक असणार, मलासुद्धा ठाऊक नव्हतं, दोन पानं लिहिणाऱ्या तुमच्या लेकाला ठाऊक नव्हतं.

सकाळी उठून बघते तर त्या बाह्या वर करून टँकपाशी. "कागदानं तूप उचलतात ना? दाखव कसं ते." मग आम्ही दोघींनी मिळून किचन टॉवेलच्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या संपवल्या. तवंगावर कागद ठेवायचा, उचलायचा, टाकायचा. फॅमिली डेची सुट्टी आमची यातच गेली. शेजारची पोरं बर्फावर घसरायच्या स्लेड घेऊन टेकडीवर, आणि आम्ही सासू-सुना तूप टिपतोय. खडक हलवून शितं काढली, पाणी बदललं, फिल्टरमधला कोळसा बदलला. कोणत्या बादलीत गोडं आणि कोणत्या बादलीत खारं, यावरून आमचं एकदा कडाक्याचं वाजलंसुद्धा. पहिल्यांदाच. त्यानंतर दोघींनाही मोकळं वाटलं.

तरीही स्किमर गप्पच होता. आई दर थोड्या वेळाने कपाट उघडून वाकून बघायच्या. मग गुरुवारी मी क्लिनिकमधून आले तर दारातूनच आवाज, "चित्रा, धाव, उतू गेलं!" कप भरून, वाहून, कपाटभर फेस. काळपट, घाण, उग्र वासाचा. मी ती चकती फिरवून पाणी खाली उतरवलं. आईंनी पदर नाकाला लावला होता आणि डोळ्यांतून पाणी. वासाने असेल किंवा कशानेही. मी मात्र रडले, आणि वासाने नाही.

ॲप असतं तर तू तिथूनच उतू जाणं थांबवलं असतंस आणि आम्हाला हे बघायला मिळालं नसतं.

तिकिटाचं अजून काही बोलल्या नाहीत. मीही विचारत नाही.

चित्रा

व्हिटबी, १ मार्च

निमिष,

पाणी निवळलंय. काच आहे की नाही कळत नाही. हरपालला कळवलं की जनार्दन त्याच्याकडे येणार नाही. शितांचं आणि गायीच्या घासाचंही सांगून टाकलं, पोटात राहीना. तो म्हणाला, "माताजी को बोलो, मेरी दुकान में भी एक गाय रख लें." आईंना सांगितलं तर मनापासून हसल्या, खूप दिवसांनी.

तुझा ईमेल वाचला. या वेळी त्यात स्किमर एका ओळीत होता आणि बाकीचा मजकूर जास्त. येण्याबद्दल विचारलंयस. उत्तर देते, पण त्याआधी काल काय झालं ते सांगू दे.

शनिवार म्हणून मी दुपारी घरी होते. आईंनी एकच पान वाढलं, कारण मी म्हटलं होतं मला भूक नाही. वरण, भात, तूप. सवयीने पहिला घास काढला आणि हात तसाच राहिला. टँककडे पाहिलं. तो लबाड पुढे आलाच होता, डोळे वटारून. आई त्याला म्हणाल्या, "नाही रे बाबा. तुला आता पथ्य."

मी सिंकपाशी उभी होते, डब्यातला शिळा ब्रेड खात. मला वाटलं आता त्या म्हणणार, घास द्यायलाच कुणी नाही तर राहू कशाला. मी ऐकायच्या तयारीत ब्रेड खाली ठेवला.

त्या म्हणाल्या, "इकडे ये. बस."

बसले. "तू रोज खाऊन आले म्हणतेस. मला काय डोळे नाहीत? सिंकमध्ये पावाचा चुरा असतो. निमू तिकडे काय खातो ते मला दिसत नाही. तू इथे काय खातेस ते दिसतं, आणि तू विचारू देत नाहीस. मग मी घास देत होते कुणाला, तर माशाला."

मी म्हटलं, "आई, तुम्ही जाणार होतात ना? तिकीट बघ म्हणालात."

"तेव्हा म्हटलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मुलगा गेला, त्याची आई तरी ही बाई कशाला सांभाळेल? आपणहून निघालेलं बरं. तू बादल्या उचलत होतीस ना, तेव्हा कळलं मला, ही बाई कुणाला वाऱ्यावर सोडायची नाही."

आम्ही दोघी एकमेकींना घाबरत होतो, निमिष, आणि दोघींनीही मधे मासा ठेवला होता.

मग तो घास त्यांनी माझ्यापुढे धरला. "गाय नाही, माशाला चालत नाही. घरात मुकं जनावर आता एकच उरलं. आ कर."

मी, जी दिवसभर लोकांना आ करा म्हणून सांगते, ती आ करून बसले. तूप जरा जास्तच होतं. मग त्यांनी माझं पान वाढलं आणि मी बसून, पोटभर जेवले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घर ठीक आहे. तू नसतानाही ठीक आहे, हे आधी समजून घे, आणि मला न विचारता यापुढे काही ठरवू नकोस. त्यानंतर यायचं असेल तर ये, आम्हाला दोघींना आवडेल. टँकमध्ये हात घालायच्या आधी साबणाने धुवायचे, चकतीला हात लावायचा नाही, आणि जेवायचं तेव्हा बसून जेवायचं.

पहिला घास आता माझा असतो. तू आलास तर दुसरा तुझा.

चित्रा